खंडेनवमीचं मीठ

"काका, हळद मशीनच्या आत जाऊ देऊ नका हं," मेघना मॅडम दारातूनच म्हणाल्या.

"बाहेरच्या बाहेर लावतंय, मॅडम. देवाच्या पन नाकात कोन हलद घालत नाय," नाथा म्हणाला, आणि एरवी गरगर फिरणाऱ्या त्या महागड्या यंत्राच्या कपाळावर त्याने बोट ओढलं. यंत्राचं कपाळ कुठे असतं ते त्याने स्वतःच कधीकाळी ठरवून टाकलं होतं. वर झेंडूचं फूल ठेवलं. ते घरंगळलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घरंगळलं. शेवटी चिकटपट्टीने डकवलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं. देवाचं फूल चिकटपट्टीने डकवायची वेळ आजवर आली नव्हती.

खंडेनवमीचा दिवस. वागळे इस्टेटपासून कोलशेतपर्यंत लेथ, प्रेस, टेम्पो, सगळ्यांच्या गळ्यात हार पडले होते. या प्रयोगशाळेत हार घालण्यासारखं फारसं काही नव्हतं. काचेची भांडी, नळ्या आणि पांढऱ्या कोटातली माणसं. पण नाथा पहिल्या वर्षापासून पूजा करायचा आणि कुणी त्याला अडवायचं नाही, कारण ही जागाच मुळात नाथाच्या बापाच्या मिठागराची. जमीन कंपनीला गेली आणि तिच्याबरोबर नाथाही गेला. "सातबाऱ्यावर बांध असतो ना, तसा मी," तो सांगायचा. "जमीन घेतलीव, आता बांध पन सांभाला."

बांधाचं काम भांडी धुण्याचं आणि टाकाऊ पाण्याच्या बाटल्या भरून ठेवण्याचं. हे पगारी काम झालं. बिनपगारी काम थापा मारण्याचं, आणि ते तो जास्त मन लावून करायचा. त्याच्या बापाचं मीठ एवढं कडक होतं म्हणे, की एक कावळा चुकून ढिगावर बसला तो पांढरा होऊनच उडाला. कोलशेतच्या खाडीतले बगळे सगळे त्याचीच पिलावळ. प्रयोगशाळेतलं भांडी धुतलेलं पाणी एकदा एका चिंबोरीने प्यायलं, तेव्हापासून ती उत्तरेकडेच नांगी करून बसायची. धुक्यात वाट चुकलेली होडी कुणा नाखव्याने तिच्याच नांगीच्या भरवशावर वसईला नेली. वसईला नेऊन मग तिचं कालवण केलं, असा शेवट असायचा, आणि ऐकणारा हळहळायचा. चिंबोरीसाठी हळहळायचा, म्हणजे बघा.

चिंबोरीची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. इथे बनायचं ते काळं औषध लोखंडाचंच होतं. मेघना मॅडमनी एकदा भांडी धुता धुता त्याला समजावलं होतं. लोखंडाच्या गंजाचे कण, पिठाहून, धुळीहून, डोळ्याला दिसेल त्या सगळ्याहून बारीक. हे कण रक्तात सोडायचे आणि माणसाला त्या मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात घालून फोटो काढायचा. चांगलं यकृत हे कण गिळतं आणि फोटोत काळं पडतं. बिघडलेली जागा गिळत नाही. ती पांढरी राहते, उघडी पडते.

"आणि प्रत्येक कणाला आपण पॉलिमरचं झबलं घालतो, काका. तीच तर आपली खरी मेहनत."

"झबला कशाला? थंडी वाजते?"

"झबलं नसलं की ते एकमेकांना मिठ्या मारतात. गोळे होतात. रक्त खारट असतं ना, त्यात तर लगेच."

तेव्हा नाथा हसला होता. लोखंडाला झबलं. पुढे महिनाभर गावात त्याने ते झबलं कुठल्या शिंप्याकडून येतं ते सांगितलं होतं.

पूजेचं शेवटचं काम मिठाचं. बापाच्या मिठागरात हंगामाची पहिली रास पडली की मूठभर मीठ माणसांवरून, फावड्यांवरून ओवाळून खाडीत सोडायची रीत होती. मीठ विरघळलं की दृष्ट विरघळली. खाडी आता कुंपणापलीकडे गेलेली. म्हणून नाथा दर खंडेनवमीला यंत्रांवरून चिमूट ओवाळायचा आणि जवळात जवळच्या पाण्यात सोडायचा. जवळचं पाणी म्हणजे टाकाऊची बाटली, ताज्या घाण्यातून, म्हणजे एका खेपेला बनवलेल्या मालातून, उरलेलं काळं औषध. दरवर्षी मीठ आत नाहीसं व्हायचं आणि औषध होतं तसं राहायचं, बिनदुधाच्या चहासारखं, लखलखीत. नाथा हात जोडायचा. संपलं.

यंदाही त्याने चिमूट सोडली, हात जोडले, आणि वॉचमनच्या केबिनला फूल लावायला गेला. परत आला तो पेढा तोंडात तसाच राहिला.

बाटलीतलं काळं बसलं होतं. वर निवळ पाणी, खाली गाळ, ओहोटीला खाडी उघडी पडते तसा. नाथाने बाटली हलवली. काळं वर आलं, घोटाळलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा खाली जाऊन बसलं. दूध नासावं तसं. त्याने बाटली हळूच टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसला, हाताला काही लागलेलं नसताना.

मेघना मॅडम साडी नेसून निघायच्या तयारीत होत्या. गावाला, साताऱ्याकडे. बाहेर गाडी उभी होती.

"मॅडम, जरा बघा. मीठ घातला आनि फुटला हा."

"मीठ?" त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, टाकाऊच्या बाटलीत काय काय ओतलेलं असतं. कशाने काय झालं कुणाला ठाऊक."

"हिच्यात दुसरा काय नाय. मीच भरली. कल्यानला गेला त्याच घान्याची हाय."

"तो पाठवण्याआधी तपासलाय. सिद्धेश सरांनी स्वतः." त्या बोलता बोलता थांबल्या, बाटलीकडे वाकून क्षणभर पाहिलं. मग त्यांची नजर नाथाकडे गेली आणि चेहऱ्यावर हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. "आणि हे सांगतंय कोण, तर चिंबोरीवाले नाथाकाका. फेकू नका ही. सोमवारी आल्यावर बघते."

गाडी गेली. नाथा बाटलीजवळ उभा राहिला. सोमवार. आणि कल्याणच्या स्कॅनिंग केंद्रात ते औषध पहिल्यांदा माणसांना द्यायचं होतं शुक्रवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पहिलं नाव शालूचं होतं.

शालू म्हणजे नाथाची बायको.

तिच्या उजव्या कुशीत कित्येक महिने काहीतरी टोचत होतं. साध्या सोनोग्राफीत यकृतावर सावली दिसली, पण सावली कशाची ते डॉक्टरला सांगता येईना. तेव्हा नाथानेच प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांच्या, सिद्धेश सरांच्या, मागे लागून तिचं नाव चाचणीत घालून घेतलं. गावभर सांगितलं, की आमच्या जागेत पिकलेलं औषध आमच्याच घरात चाललंय. बापाचं मीठ मुंबईने खाल्लं, माझं लोखंड दुनिया खाणार.

शुक्रवारी सकाळी शालू उपाशीपोटी तयार होऊन बसली होती. मॅडमचा फोन नाथाने कालपासून किती वेळा लावला असेल; गावात रेंज नव्हती. सिद्धेश सर उचलत नव्हते.

"शालू, आज नको जाव."

"का? दिस वाईट हाय?"

"औषध बिघडलाय. मी बघितला. मीठ पडला आनि त्याचा गाल झाला." इथवर ठीक होतं. इथेच थांबला असता तर बरं. पण इतक्या वर्षांची जीभ, ती का लगाम मानते? हात आपोआप वर गेले, डोळे मोठे झाले, आणि तो म्हणाला, "बाटली अशी थरथरली गो. आतून आवाज आला. घुरघुर करून."

"बाटली बोलली?"

नाथाने नजर दाराकडे वळवली.

"काय बोलली? शालूला आनू नको बोलली?" शालूने पदर खोचला. "तुमच्या तोंडातला खरा ऐकाचा तर मना दुसरा कान लावाला लागंल. रात्रभर कूस धरून मी बसतंय, तुमी नाय. मना एकदा समजू दे काय हाय आत. चला."

ती पुढे झाली. नाथा मागून चालला, आणि रिक्षा घोडबंदर रोडला अडकून पडली तेव्हा आज प्रथमच त्याला वाटलं, ही गर्दी सुटूच नये. ती सुटली. पुढे माजिवड्याला सुटली, खारेगावला सुटली. इतका मोकळा रस्ता कल्याणपर्यंत कधी मिळाला नव्हता. नाथाला तेही आवडलं नाही.

केंद्राच्या बाकावर देवराम आधीच येऊन बसला होता. कल्याणचाच, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला फिटर, बारीक अंगाचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला. पंधरवड्यापूर्वी नावं घ्यायला बोलावलं होतं तेव्हा याच बाकावर त्याची आणि नाथाची गाठ पडली. त्या दिवशी देवराम सही न करताच घरी निघाला होता. नवं औषध, आधी कुणाला दिलेलं नाही, आपणच पहिले कशाला, म्हणून. नाथाने त्याला बसवून घेतलं, आणि मग काय विचारता. कावळा झाला, चिंबोरी झाली, शेवटी औषध आलं. हे अंगात गेलं की दुखणं स्वतः हात वर करून सांगतं, मी इथं बसलोय. देवराम मांडीवर थाप मारून हसत होता, दर वाक्याला "पुढं?" म्हणत होता. नाथाला असा ऐकणारा जन्मात भेटला नव्हता. गोष्ट संपली तेव्हा देवरामने उठून सही केली.

"या, नाथाशेठ," आज तो सरकून बसला. "वहिनी, नमस्कार. यंदा दसऱ्याला नागपूर चुकलं बघा माझं. पोरगा महेंद्र बोलला, पप्पा, आधी पोट बघा, दीक्षाभूमी कुठं पळत नाही. ड्यूटीवर गेलाय तो, दुपारी येतो न्यायला. म्हटलं बरंय, नाथाशेठ असतीलच. तुमच्यामुळंच तर आलो मी."

नाथा गोष्ट न सांगता बाकाच्या टोकाला टेकला. देवरामने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

निळ्या कपड्यांतली वैशाली बाहेर आली. यंत्र चालवणारी तीच. तिने दोघा पेशंटना एकदमच समजावून सांगितलं. "घाबरायचं नाही. आत मोठा आवाज होतो, ठोक ठोक ठोक, हातोडी मारल्यासारखा. आधी तसेच फोटो काढणार. मग आवाज बंद होईल. तेव्हा डॉक्टर हातातल्या सुईतून औषध देणार. मग परत ठोक ठोक. झालं. शालूताई, तुम्ही पहिल्या ना? अंगावर लोखंड नाही ना काही? पिन, ताईत? ऑपरेशन करून आत काही बसवलंय? डोळ्यात कधी लोखंडाचा कीस-बीस उडाला होता?"

"नाय गो बाय," शालू म्हणाली.

"उडाला होता," नाथा म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या. नाथाचे हात मांडीवर होते. डोळे मोठे झाले नाहीत. आजवरच्या त्याच्या सगळ्या थापांमध्ये ही सर्वांत लहान, आणि तिला ना शेपूट होतं ना शिंग.

"लग्नाच्या आधी वागल्याला लेथवर होती. डाव्या डोल्यात गेला होता. काडला का नाय, मना माहीत नाय."

"मी?" शालू उभीच राहिली. "मी लेथ कसा असतो तो पन बघितला नाय. थापा मारतात ओ हे. अख्ख्या कोलशेतला इचारा."

वैशालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काका हो म्हणतात, तुम्ही नाही म्हणता. चुंबकाने कीस आतल्या आत हलला ना, तर डोळा जाईल. मी रिस्क नाही घेणार. आधी डोळ्याचा एक्स-रे, मग पुढची तारीख." तिने देवरामकडे मान वळवली. "आजोबा, मग तुम्हीच या आता. लवकर सुटलात."

नाथाने हे धरलंच नव्हतं. बायकोला दारातून मागे ओढलं की दार बंद होतं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. रांगेत पुढे कुणीतरी असतं, हे त्याला आत्ता दिसलं, आणि ते पांढरा शर्ट घालून उठून उभं राहिलं होतं.

"देवरामभाऊ, थांबा," त्याने मनगट धरलं. "आत नका जाव. औषध फुटलाय. झबला निघालाय त्याचा. मीठ पडला तर खाली गाल बसला. मी डोल्यानी बघितला. रक्त पन खारटच हाय."

आवाज न चढवता, हात न हलवता त्याने हे सांगितलं. देवराम ऐकत होता, मान एका बाजूला करून, पहिल्या दिवशी ऐकलं होतं तस्साच. मग त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"पुढं?"

"पुढं काय नाय. खरा सांगतंय."

"ही सगळ्यात भारीय," देवराम म्हणाला, आणि खळखळून हसला. "झबलं निघालं. अरे, माझे पाय कापत होते मघापासून. बघा, थांबले. तुम्ही माणूस नाही, औषध आहात." त्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि नाथाच्या हातात ठेवलं. "हे धरा, आत चालत नाही. रिटायर झालो तेव्हा दोस्तांनी दिलेलं आहे. बाहेर आलो की उरलेली गोष्ट सांगा."

बाकाखाली चपला काढून तो वैशालीच्या मागोमाग आत गेला. जाताना वळून त्याने शालूला हात जोडले.

नाथा दाराशी गेला. काचेवर टकटक केलं. वैशाली अर्धं दार उघडून बाहेर आली. त्याने तिलाही सांगितलं, तेच, तेवढंच. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती, हे कबूल केलं पाहिजे.

"काका, मघाशी डोळ्यात कीस होता. आता औषधात गाळ आहे?"

"तो कीस खोटा होता. हा खरा हाय."

"मग मी आता काय करू, सांगा. कंपनीतून कुणाचा फोन आला तर या मिनिटाला थांबवते. आणा फोन."

नाथाने खिशातून मोबाईल काढला. मॅडमचा नंबर लावला. फोनमधली ती बाई इंग्रजीत आणि मग मराठीत म्हणाली की हा क्रमांक संपर्कक्षेत्राबाहेर आहे. सिद्धेश सरांचा लावला. वाजत राहिला. वैशाली तो वाजून संपेपर्यंत उभी होती. मग म्हणाली, "डॉक्टरांच्या कानावर घालते. बसा तुम्ही." दार लागलं. वरचा लाल दिवा पेटला.

नाथा बाकावर येऊन बसला. आत ठोके सुरू झाले. ठोक ठोक ठोक, भिंतीतून येत होते, बाकातून पाठीत चढत होते. कुणी खोलीच्या आत राहून दार ठोठावतंय आणि बाहेर उघडायला कुणी नाही, असे.

शालू त्याच्या शेजारी बसली. ती रागाने फणफणत होती आणि बोलायला तिने तोंडही उघडलं होतं. पण तिची नजर त्याच्या हातांवर गेली. ते दोन्ही मांडीवर होते, पालथे, मेलेल्या माशांसारखे, आणि एकाखाली देवरामचं घड्याळ. हे हात तिने कधी असे पाहिले नव्हते. सासरा गेला त्या दिवशीही ते हवेत होते, सासऱ्याने मरताना काय काय सांगितलं ते दाखवत.

"खरा हाय ते?" तिने विचारलं.

"खरा."

"आनि बाटली बोलली, ते?"

"ते मी घातला."

बाहेरून रिक्षावाल्याने डोकं आत घालून विचारलं, परत जायचं ना, थांबू का. शालूने त्याला हातानेच जायला सांगितलं. मग नाथाच्या हाताखालून घड्याळ काढून घेतलं, पदराच्या टोकात बांधलं, गाठ मारली आणि मुठीत धरून बसली. दुसरा हात तिने आपल्या उजव्या कुशीवर ठेवला होता. आत काय आहे ते आजही कळणार नव्हतं.

ठोके थांबले.

एकदम थांबले. पंखा फिरत होता तो आता ऐकू यायला लागला. शालूच्या मुठीतलं घड्याळही ऐकू येतंय असं नाथाला वाटलं, येत नसेलही. त्याने दाराकडे पाहिलं. लाल दिवा तसाच होता. आता डॉक्टर वाकले असतील. आता सुईचं टोपण काढलं असेल.

"परत वाजंल आता," शालू हळू म्हणाली. "ती पोरगी बोलली ना, परत वाजतं."

नाथाने मान हलवली. त्याची नजर बाकाखाली गेली. देवरामच्या चपला होत्या तिथेच होत्या, झिजलेल्या टाचांच्या, पण घासूनपुसून काळ्या पॉलिशने चमकवलेल्या. गेला तशाच राहिल्या होत्या, तोंड आतल्या दाराकडे करून. नाथा वाकला. दोन्ही चपला उचलल्या, फिरवल्या, आणि बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून नीट जोडून ठेवल्या, म्हणजे माणूस आला की पाय सरळ चपलांत जावेत.

मग दोघं कान देऊन बसली.